राजभवनाखालचा बंकर पाहायला निघण्यापूर्वी

मानोऱ्याहून मुंबईला आपले जाणे बहुधा कामापुरते असते. मंत्रालयातले कागद, मोठ्या रुग्णालयातली तपासणी, मुलांची परीक्षा किंवा एखादे लग्न. काम झाले की रात्रीची गाडी पकडायची आणि परत यायचे. अशा एखाद्या फेरीत अर्धा दिवस वाढवून घ्या आणि मलबार हिलच्या टोकाला, राज्यपालांच्या निवासस्थानाच्या पोटात असलेला ब्रिटिशकालीन बंकर पाहून या, असे सुचवण्यासाठी हा लेख आहे. तिथे नुसते फिरून येण्यात फारसे काही हाती लागत नाही. थोडी तयारी करून गेलात, तर मात्र युद्ध म्हणजे नेमके काय असते हे समजून परत याल. ती तयारी कशी करायची, ते पाहू.

हे ठिकाण नेमके काय आहे?

मुंबईचे राजभवन वाळकेश्वरच्या टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या मलबार पॉइंटवर आहे. पूर्वी मुंबईचे गव्हर्नर परळला राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे परळच्या निवासस्थानी कॉलऱ्याने निधन झाले आणि त्यानंतर मुक्काम मलबार पॉइंटला हलला. परळच्या त्या जुन्या वास्तूत पुढे डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. आज ती हाफकिन संस्था म्हणून सर्वांना माहीत आहे.

राजभवनाच्या आवारात एक भुयार आहे, अशी कुजबुज तिथल्या जुन्या मंडळींत होती. तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या कानावर ती गेली. त्यांच्या सांगण्यावरून ऑगस्ट २०१६ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने एक बंद भिंत फोडली आणि आत सुमारे १५० मीटर लांबीचा, १३ खोल्यांचा बंकर सापडला. खोल्यांवर जुनी इंग्रजी नावे होती : शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, सेंट्रल आर्टिलरी स्टोअर, वर्कशॉप. स्वातंत्र्यानंतर केव्हातरी दार बुजवले गेले आणि पुढच्या कित्येक वर्षांत वर वावरणाऱ्या माणसांना खालचा पत्ता उरला नाही. मजबुतीकरण झाल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिथे संग्रहालय सुरू झाले. १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी याच बंकरमधल्या ‘क्रांतिगाथा’ या क्रांतिकारकांवरील दालनाचे उद्घाटन केले.

एक गोष्ट आधीच मनात स्पष्ट ठेवा. हे सेनापतींच्या बैठका भरणारे मुख्यालय नव्हते. हे किनाऱ्यावरच्या तोफखान्याचे तळघर होते. वर समुद्राकडे तोंड करून तोफा आणि खाली त्यांना लागणारा दारूगोळा. ही मांडणी ध्यानात असेल, तर आतली प्रत्येक खोली आपले काम स्वतःच सांगू लागते.

जाण्यापूर्वी थोडा इतिहास

हा बंकर पहिल्या महायुद्धाच्या आधीचा मानला जातो. त्या काळात मुंबईला भीती कोणाची होती? १८८० च्या दशकात इंग्रजांना रशियाची धास्ती होती. अफगाण सीमेवर १८८५ मध्ये युद्ध पेटण्याची वेळ आली, तेव्हा हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांच्या बचावाकडे सरकारने नव्याने लक्ष दिले. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या एकट्या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. सबंध किनारा हादरला. १९१७ मध्ये ‘वुल्फ’ या दुसऱ्या जर्मन जहाजाने थेट मुंबईजवळच्या समुद्रात सुरुंग पेरले. किनाऱ्यावर तोफा कशासाठी हव्यात, याचे उत्तर या दोन घटनांत मिळते.

त्याच मुंबई बंदरातून ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदी फौजेची पहिली तुकडी इराकच्या, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर निघाली. त्या मोहिमेत मराठा पलटणीही लढल्या. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणींचे जवान अडकले. धान्य संपत गेले, मदत पोहोचेना आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. तिथल्या सैनिकांच्या शौर्यात काही उणे नव्हते. रसद तुटली होती.

हा ‘रसद’ शब्द बंकर पाहताना सतत जवळ बाळगा. आपल्या भागाला तो नवा नाही. मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. या समाजाच्या पूर्वजांनी शतकानुशतके बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ दूरदूर पोहोचवले. मोगलांच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या तेव्हा त्यांचे पोट लमाणांच्या तांड्यांवर चालले. १८०३ मध्ये इंग्रजांचा जनरल वेलस्ली वऱ्हाडात लढला, अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई आणि मग गाविलगडचा वेढा, तेव्हाही तो बंजाऱ्यांच्या बैलांवर विसंबून होता. त्याच्या पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख वारंवार येतो. म्हणून राजभवनाखालचे दारूगोळ्याचे कोठार पाहायला मानोऱ्याचा माणूस जातो, तेव्हा तो परक्या विषयात पाऊल टाकत नाही. लढणाऱ्याच्या मागे उभे राहून माल पोहोचवणाऱ्यांचा वारसा त्याच्या तालुक्यातच आहे.

जमले तर मुंबईला जाण्याआधी पोहरादेवीचे बंजारा विरासत संग्रहालय पाहून घ्या. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मुलांना संग्रहालय पाहण्याची सवय घराजवळच लागेल आणि रसद म्हणजे काय हे वेगळे समजावत बसावे लागणार नाही.

आरक्षण, ओळखपत्र आणि प्रवास

राज्यपालांचे निवासस्थान असल्याने इथे फाटकावर जाऊन तिकीट काढून आत शिरता येत नाही. भेटीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नोंदणी फक्त अधिकृत शासकीय संकेतस्थळावरूनच करा. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या दुव्यांवरून पैसे भरू नका. देशभरातल्या राजभवनांना ‘लोकभवन’ म्हणण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतल्यामुळे शोधताना दोन्ही नावे टाकून पाहा.

पुढील गोष्टी आधी नीट करून ठेवा :

• भेटीचे दिवस, वेळा आणि शुल्क बदलत असतात. नोंदणीच्या पानावर त्या दिवशी जे लिहिलेले असेल, तेच खरे धरा. कोणी दोन वर्षांपूर्वी जाऊन आला असेल, तर त्याच्या आठवणीवर बेत आखू नका.

• नोंदणीत प्रत्येकाचे नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहा. मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ असू द्या. नोंदणीची छापील प्रत काढून ठेवा. फोनची बॅटरी संपली तरी अडचण येणार नाही.

• आत सुरक्षा तपासणी असते. मोठ्या पिशव्या, डबे, कात्री, चाकू बरोबर नेऊ नका. सामान मुक्कामाच्या ठिकाणी किंवा रेल्वे स्थानकाच्या सामानघरात ठेवून मगच निघा.

• छायाचित्रे काढायची की नाही, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. नाही म्हणाले, तर वाद घालू नका.

• अतिविशिष्ट व्यक्तींच्या दौऱ्यामुळे भेट ऐन वेळी रद्द होऊ शकते. म्हणून परतीचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नका.

मानोऱ्याहून एसटीने कारंजामार्गे मूर्तिजापूर गाठले, की मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आलोच. अकोल्याहून गाड्यांची निवड जास्त मिळते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना कारंजाजवळ समृद्धी महामार्गावर चढता येते. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. तिथून पुढे दक्षिण मुंबईपर्यंतची गर्दी जमेस धरा. रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट राजभवनाच्या दारात जाण्याचा विचारही करू नका. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा, झोप घ्या.

मुंबईत पश्चिम रेल्वेची चर्नी रोड किंवा ग्रँट रोड ही स्थानके सोयीची. तिथून वाळकेश्वरपर्यंत बेस्टची बस किंवा टॅक्सी मिळते. दिलेल्या वेळेच्या बरेच आधी फाटकाशी पोहोचा, कारण तपासणीलाही वेळ लागतो.

आत काय पाहाल, कसे पाहाल

बहुतेक लोक बंकरमध्ये शिरतात, पडद्यावरची चित्रे पाहतात आणि बाहेर येतात. तुम्ही आधी वास्तू पाहा, मग प्रदर्शन.

जुन्या वऱ्हाडात ज्वारी पेवात ठेवत. पेव खणणाऱ्याला दोनच चिंता असत : ओल आणि हवा. ओल शिरली तर दाणा सडतो आणि पेव उघडल्याबरोबर आत उतरले तर कोंदलेल्या हवेने माणूस दगावतो. दारूगोळ्याचे तळघर बांधणाऱ्या इंजिनिअरपुढे हेच दोन प्रश्न होते आणि तिसरा त्याहून भयंकर : ठिणगी. या तीन गोष्टी मनात ठेवून आतून फिरा.

ओल : बंकरमध्ये पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था आहे. तिन्ही बाजूंना समुद्र, वर मुंबईचा पावसाळा आणि आत बंदुकीची दारू. ओली दारू पेटत नाही, म्हणून नाली हा इथला सर्वांत महत्त्वाचा भाग. जमिनीचा उतार कुठे जातो, पाणी कुठून बाहेर पडते, हे मुलांना शोधायला सांगा.

हवा आणि उजेड : वरून हवा आणि प्रकाश आत यावा यासाठी झरोके ठेवलेले आहेत. ते कुठे उघडत असतील, शत्रूच्या नजरेला दिसू नयेत म्हणून काय केले असेल, याचा अंदाज बांधा.

ठिणगी : त्या काळातल्या दारूगोळ्याच्या कोठारांत गोळे आणि ते उडवणारी काडतुसे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवत. म्हणूनच इथे शेल स्टोअर निराळे आणि कार्ट्रिज स्टोअर निराळे. अशा कोठारांत उघडा दिवा नेत नसत. भिंतीतल्या कोनाड्यात काचेआड दिवा ठेवून त्याचा उजेड आत सोडत. काम करणाऱ्यांना लोखंडी खिळ्यांचे बूट घालायला मनाई असे, कारण दगडावर खिळा घासला तरी घात होण्याचे भय. आज आपण जिथे निवांत चालतो, तिथे एकेकाळी प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागत असणार.

मग ‘शेल लिफ्ट’पाशी थांबा. खालचा जड गोळा वरच्या तोफेपर्यंत पोहोचवण्याची ही वाट. तोफेने लवकर लवकर मारा करायचा, तर हा उपसा अखंड चालला पाहिजे. वर नेम धरणारा गोलंदाज इतिहासात दिसतो. खाली अंधारात गोळे सरकवणारा मात्र कोणाला दिसत नाही. तो थांबला तर वरची तोफ मुकी होते. वर्कशॉप आणि पंपाच्या खोल्याही हेच सांगतात. युद्धात दुरुस्ती करणारा, पाणी उपसणारा, हिशेब ठेवणारा, ओझे वाहणारा माणूस लढवय्याइतकाच मोलाचा असतो. हा बंकर अशा माणसांसाठी बांधलेला होता आणि तसाच तो पाहायला हवा.

राजभवनाच्या कड्याखाली पडलेल्या दोन जुन्या तोफा २०१८ मध्ये क्रेनने वर काढून ठेवल्या आहेत. प्रत्येकीचे वजन सुमारे २२ टन. त्या पाहायची परवानगी असेल तर अवश्य पाहा. क्रेन नसलेल्या काळात हे वजन हलवायला किती हात लागले असतील, याचा विचार करा.

‘क्रांतिगाथा’ दालन

ज्या सत्तेने समुद्रावरच्या शत्रूसाठी हे तळघर बांधले, त्या सत्तेला घरातूनच आव्हान देणाऱ्यांची कथा आज त्याच तळघरात सांगितली जाते. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा यांच्यापासून १९४६ च्या नौसैनिकांच्या उठावापर्यंतचे टप्पे इथे भेटतात.

इथेही वाचून पुढे सरकू नका. फडके बंड उभारण्याआधी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. फौजेचा पैसा कुठे जातो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतल्या ‘तलवार’ या संदेशवहनाच्या प्रशिक्षण केंद्रावर नौसैनिकांनी काम थांबवले. त्यात स्वातंत्र्याची आस होतीच आणि निकृष्ट जेवणाचा, अपमानकारक वागणुकीचा संतापही होता. ज्यांच्या श्रमावर साम्राज्य चालत होते, त्यांनीच हात आखडता घेतला आणि साम्राज्याचे आसन डळमळले. बंकरची भिंत आणि भिंतीवरची कथा इथे एकमेकींना भेटतात.

जगातली अशीच काही ठिकाणे

ज्यांची मुले शिक्षण-नोकरीसाठी परदेशी आहेत, त्यांनी तिथे गेल्यावर दोन ठिकाणे ध्यानात ठेवावीत. या दोन्ही जागा खरोखरच युद्धकाळातली भूमिगत मुख्यालये होती.

लंडनमधल्या सरकारी कचेरीच्या तळघरात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या युद्धकक्षाचे काम चाले. ऑगस्ट १९३९ मध्ये तो सुरू झाला आणि ऑगस्ट १९४५ मध्ये दिवे मालवून बंद झाला. १९८४ पासून तो लोकांसाठी खुला आहे. चर्चिल यांची खोली सगळेच पाहतात. तुम्ही टंकलेखक, कारकून आणि टेलिफोनवर बसणाऱ्या मुलींच्या खोल्या पाहा. दिवसेंदिवस ऊन न मिळाल्याने त्यांना कृत्रिम सूर्यदिव्यांखाली बसवावे लागे.

सिंगापूरच्या फोर्ट कॅनिंग टेकडीखाली ‘बॅटलबॉक्स’ आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हल यांनी तिथेच शरणागतीचा निर्णय घेतला. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले आणि त्यांतल्याच अनेकांमधून आझाद हिंद सेना उभी राहिली. एका तळघरातल्या निर्णयाने आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासाला कसे वळण दिले, हे त्या ठिकाणी उभे राहून कळते.

मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर

तळघरात हवा दमट असते आणि समुद्राजवळ ती जास्तच जाणवते. दम्याचा त्रास असलेल्यांनी औषध जवळ ठेवावे. बंद जागेत जीव घाबरत असेल, तर आधीच सोबत्यांना सांगून ठेवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांसाठी नोंदणीच्या वेळीच चालण्याच्या सोयीची चौकशी करा. पायात न घसरणारी साधी चप्पल किंवा बूट घाला.

शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना आदल्या आठवड्यात तीन प्रश्न द्यावेत. इथे काय साठवत? ते वर कसे नेत? ते काम कोण करत असे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बंकरमध्ये मिळतील. तिसऱ्याचे उत्तर फलकांवर सापडणे अवघड आहे आणि मुलांना विचार करायला लावणारा प्रश्न तोच आहे. आत मोठ्याने ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याचा मोह मुलांना होतो, त्याबद्दल आधीच समजावून सांगा.

उरलेला दिवस

राजभवनातून बाहेर पडल्यावर वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव अगदी जवळ आहे. तिथे थोडे बसा, दर्शन घ्या. मग गावदेवीचे मणिभवन आणि त्याजवळचे ऑगस्ट क्रांती मैदान पाहा. ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ची हाक इथूनच दिली गेली. क्रांतिगाथा पाहून आल्यानंतर सशस्त्र आणि अहिंसक, असे दोन्ही प्रवाह एका दिवसात नजरेखालून जातात.

वेळ उरला तर भायखळ्याच्या अग्निशमन दलाच्या मुख्यालयापाशी जाऊन या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजातल्या स्फोटकांनी पेट घेतला. त्या आगीशी झुंजताना गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. दारूगोळा आणि ठिणगी यांच्याबद्दल बंकरमध्ये जे पाहिले, ते चुकले की काय होते, हे त्या घटनेवरून समजते.

परत आल्यावर एक काम

घरी आल्यावर फोटो दाखवून थांबू नका. आपल्या गावातून, तांड्यातून फौजेत गेलेल्यांची यादी करायला घ्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत सैनिकांची संख्या कोरलेल्या पाट्या बसवल्या होत्या. आपल्या परिसरात जुन्या चावडीत, शाळेत, तहसीलजवळ तशी पाटी आहे का, ते पाहा. निवृत्त जवानांना भेटा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा.

यादीत सीमेवर लढलेल्यांबरोबर लष्करातले ड्रायव्हर, स्वयंपाकी, मेकॅनिक, नर्सिंग सहायक, रस्ते बांधणारे, संदेशवहनातले जवान यांचीही नावे घ्या. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : “तुमचे रोजचे काम काय असायचे?” लढाईची गोष्ट सांगायला संकोचणारा माणूसही कामाबद्दल मोकळेपणाने बोलतो. ते उत्तर वहीत तारखेसह लिहा, एक प्रत शाळेच्या वाचनालयात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. राजभवनाखाली गोळे वाहणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज आपल्याला सांगता येत नाही. आपल्या गावच्या माणसांच्या बाबतीत तसे होऊ नये, हे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी येत्या रविवारी एक वही घेऊन शेजारच्या माजी सैनिकाच्या घरी जाणे पुरेसे आहे.